दुर्मिळ वाईन वखारीत कशी आली?



अमेरिकेत कॉस्टको नावाची दुकाने आहेत. दुकान म्हणायचे ते सवयीने, पाहायला गेले तर ती वखारच. खाली सिमेंटची फरशी, वर पत्र्याचे उंच छत, आणि माल ज्या लाकडी फळ्यांवर ट्रकमधून उतरला त्याच फळ्यांवर विक्रीला मांडलेला. मोटारीचे टायर, लहान मुलांचे लंगोट, अंड्यांचे ट्रे, आणि त्याच छताखाली फ्रान्सच्या शँपेन प्रांतातली दोम पेरिन्यो, कॅलिफोर्नियातली ओपस वन, अधूनमधून बोर्डो भागातल्या अव्वल मळ्यांच्या बाटल्या. जगात ज्यांना दुर्मिळ म्हणतात त्या या वाईन. दोनशे डॉलरची बाटली धरली तरी तिच्या किमतीत आपला दोन क्विंटलहून जास्त कापूस जातो, आणि सहाशे-सातशे डॉलरच्या बाटल्याही तिथे असतात.

कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याला या बाटल्यांचे काय? आपल्या शिवारात कोणी ती पिणार नाही आणि पिकवणारही नाही. पण "दुर्मिळ माल स्वस्ताच्या वखारीत आलाच कसा?" या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की शेतमालाच्या भावाचे सगळे गणित उलगडते. मालाला दुर्मिळ कोण ठरवतो? थांबण्याची ताकद कोणाकडे असते? घाईने विकावे कोणाला लागते? आणि बाटली कुठल्याही फळीवर गेली तरी वावरात किती पोचते? हेच चार प्रश्न आपल्या कापसालाही लागू आहेत. म्हणून जिल्हा मेळाव्याच्या आधी ही वाईनची गोष्ट नीट समजून घेऊ.

वखारीचा हिशेब

कॉस्टकोचे पहिले दुकान १९८३ साली सिएटल शहरात निघाले. धंद्याची रीत सोपी आहे. दरवर्षी फी भरून सभासद व्हायचे, मगच आत खरेदी. दुसऱ्या कंपन्यांच्या मालावर खरेदीपेक्षा साधारण १४ टक्क्यांहून जास्त चढवायचे नाही, स्वतःच्या नावाच्या मालावर १५ टक्क्यांहून जास्त नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात या कंपनीला सभासद-फीतून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले, आणि सगळा खर्च जाऊन निव्वळ नफा राहिला सुमारे ७.४ अब्ज. म्हणजे मालावर ती जेमतेम कमावते, खरी कमाई दारातच होते. दुर्मिळ वाईन तिच्यासाठी जत्रेतल्या पाळण्यासारखी आहे. पाळणा पाहायला माणूस येतो, येताना फी भरतो, आणि जाताना महिन्याचा किराणा घेऊन जातो.

२०१२ साली या कंपनीच्या वाईन खरेदीच्या तेव्हाच्या प्रमुख अ‍ॅनेट अल्वारेझ-पीटर्स एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात म्हणाल्या की कपडे किंवा टीव्ही यांच्यापेक्षा वाईन काही विशेष आहे असे त्यांना वाटत नाही, शेवटी ते एक पेय आहे. यावर वाईनच्या रसिकांनी केवढा गहजब केला! वाईनमध्ये मातीचा आत्मा असतो, पिढ्यांची कला असते, आणि ही बाई तिला बाजारातली वस्तू म्हणते!

आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. शेतकऱ्याला "अन्नदाता" आणि "काळ्या आईचा लेक" म्हणणारे लोक भावाचा विषय निघाला की उठून जातात. मालाची पूजा बांधली की हिशेब विचारायची सोय राहत नाही. वाईन बाजारातली वस्तू आहे हे त्या बाईंनी सरळ सांगितले ते बरेच झाले. वस्तू आहे, तर मग चला, तिचा हिशेब मांडू.

दुर्मिळपणा पिकत नाही, राखला जातो

आधी एक गोष्ट ऐका. बोर्डोचा द्राक्षमळा बहुतांशी कोरडवाहू आहे. तिथल्या नामांकित वाईनच्या नियमांत, अपवाद सोडले तर, वाढलेल्या वेलीला पाणी द्यायला बंदी असते. मेदोक नावाचा जो सर्वांत श्रीमंत पट्टा आहे त्याची जमीन खडी-वाळूची, हलकी. आपल्याकडे अशा जमिनीला बरड म्हणतात आणि तीत बरे पीक येणार नाही म्हणून सोडून देतात. तिथे त्याच हलकेपणाची जाहिरात होते.

हेक्टरी किती पीक घ्यायचे यालाही तिथे वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त पिकले तर जास्तीच्या मालाला ते नाव लावता येत नाही. मी कृषी महाविद्यालयात चार वर्षे शिकलो. एकरी उत्पादन कसे वाढवायचे याचे धडे पानोपानी होते, पण जास्त पिकले की भाव का पडतो आणि तो पडू नये म्हणून काय करायचे, याचा एक तास कोणी घेतला नाही. आपले कमी उत्पादन हे मागासलेपण आणि त्यांचे कमी उत्पादन ही प्रतिष्ठा. पावसाच्या भरवशावर तेही आणि आपणही. मग हा फरक आला कुठून?

तो फरक शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून आणला.

१९०७ साली फ्रान्सच्या दक्षिणेत, लांगदॉक भागात, वाईनचा भाव मातीमोल झाला होता. एक तर पीक अमाप, त्यात व्यापारी साखर-पाणी घालून नकली वाईन विकत होते. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए शहरात द्राक्ष-शेतकऱ्यांचा मेळावा भरला, त्याला पाच लाखांहून जास्त माणसे आली. सरकारने फौज पाठवली. नारबोन गावात गोळीबार झाला, माणसे मेली. एका पलटणीचे शिपाई शेतकऱ्यांचीच पोरे होती, त्यांनी बंड केले. महिना संपायच्या आत, २९ जूनला, साखर-पाण्याच्या भेसळीविरुद्ध कायदा झाला.

१९११ साली पाळी शँपेनची. तिथल्या बड्या वाईन कंपन्या बाहेरच्या प्रांतातून स्वस्त द्राक्षे आणि वाईन आणून "शँपेन" म्हणून विकत होत्या. स्थानिक शेतकऱ्याचे पीक आदल्या साली बुडालेले, वर भाव नाही. शेतकऱ्यांनी बाहेरून आलेला माल अडवून नदीत ओतला, एप्रिलमध्ये आय नावाच्या गावातल्या वाईन कंपन्यांच्या इमारती जाळल्या. पुन्हा फौज आली.

या वणव्यातून हळूहळू कायदा उभा राहिला. १९३५ साली फ्रान्सने ठरवले की प्रदेशाचे नाव त्या प्रदेशात, ठरलेल्या रीतीने आणि ठरलेल्या मर्यादेत पिकवलेल्या मालालाच लागेल. हा कायदा घडवणारा प्रमुख माणूस जोसेफ काप्युस. (नाव लिहिलेले पाहिले तर आपण "कापूस" असेच वाचू!) तो शेतीशास्त्राचा शिक्षक होता, पुढे खासदार झाला, काही काळ कृषिमंत्रीही होता. १९४१ साली शँपेनमध्ये समिती झाली. तिच्यात शेतकरी आणि कंपन्या बरोबरीने बसतात आणि दरवर्षी हेक्टरी किती किलो द्राक्षे तोडायची ते ठरवतात. २०१९ साली मर्यादा १०,२०० किलो होती. २०२० साली कोरोनामुळे विक्री घसरणार असे दिसताच ती ८,००० वर आणली. २०२५ साली ९,००० ठेवली.

दोम पेरिन्योच्या बाटलीमागे हा इतिहास आहे. ती बाटली आज एलव्हीएमएच नावाच्या चैनीच्या मालाच्या अवाढव्य कंपनीची आहे आणि वर्षाला अशा किती बाटल्या निघतात हे कंपनी जाहीर करत नाही. पण जिथे शेतकऱ्याच्या संमतीशिवाय द्राक्षांचा कोटा ठरत नाही, तिथे ती कंपनीही शेतकऱ्याकडून फुकटात द्राक्षे नेऊ शकत नाही. शँपेनच्या द्राक्षाला अलीकडच्या काळात किलोला सहा-सात युरो मिळाले आहेत.

थांबू शकतो त्याचा भाव

आता थांबण्याच्या ताकदीकडे येऊ. बोर्डोत मळा आणि वाईनचा कारखाना मिळून जी मालमत्ता असते तिला शातो म्हणतात. बड्या शातोंची विक्रीची रीत ऐकून आपला कास्तकार चक्रावून जाईल. शरदात द्राक्षे तुटतात. पुढच्या वसंतात वाईन अजून पिंपात मुरत असतानाच ती विकली जाते. व्यापारी पैसे आधी देतो आणि बाटल्या त्याला साधारण दोन वर्षांनी मिळतात. मध्ये एक दलाल असतो, त्याची दलाली ठरलेली, २ टक्के.

आपल्याकडे गाडी नेमकी उलटी चालते. मृगात कृषी केंद्रातून बियाणे-खत उधार, मध्ये फवारणीची उधारी, आणि पहिल्या वेचणीचा कापूस दिवाळीच्या तोंडावर त्याच माणसाच्या काट्यावर. तिथे व्यापारी शातोला उचल देतो आणि शातो भाव सांगतो. इथे शेतकरी व्यापाऱ्याची उचल घेतो आणि भावही त्याच्याच तोंडून ऐकतो.

शातो लातूर त्याच्याही पुढे गेला. (आपल्या लातूरशी संबंध नाही, नाव तेवढे जुळले.) २०१२ साली त्याने जाहीर केले की यापुढे पिंपातली वाईन विकणार नाही, तळघरात ठेवू आणि प्यायला तयार झाली की आम्हीच काढू. ज्याच्याजवळ तळघर आहे आणि कर्ज नाही, त्याला बाजाराची तारीख पाळावी लागत नाही.

मग ती वखारीत आली कशी?

आता मूळ प्रश्न. एवढी राखण असताना ही बाटली टायरांच्या शेजारी येते कशी?

अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांचा कायदा केला: पिकवणारा-बनवणारा वेगळा, घाऊक व्यापारी वेगळा, किरकोळ दुकानदार वेगळा. बनवणाऱ्याने थेट दुकानदाराला विकायचे नाही, मधला घाऊक व्यापारी कायद्याने सक्तीचा. आपल्याकडच्या सक्तीच्या अडतीची आठवण झाली ना?

दुर्मिळ वाईनच्या मोजक्या पेट्या या मधल्या माणसाकडे येतात आणि कोणाला किती द्यायच्या ते वाटप तो करतो. मोठ्या हॉटेलांना दोन पेट्या, जुन्या दुकानाला एक. या वाटपातच दुर्मिळपणाची किंमत चढते. पण मधला माणूसही कर्ज काढून साठा करतो. २००८-०९ च्या मंदीत हॉटेलांनी खरेदी थांबवली, महागडा माल घाऊक व्यापाऱ्यांच्या अंगावर आला, आणि बोर्डो वाईनचा प्रचंड साठा असलेल्या एका बड्या आयातदाराने तो माल पडत्या भावात बाजारात ओतला. २०२० साली कोरोनात हॉटेले बंद झाली, त्यांच्यासाठी राखलेल्या पेट्यांना दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागले. २०२४ च्या वसंतात तर बोर्डोच्या बड्या शातोंनीच नव्या वाईनचा भाव आदल्या वर्षापेक्षा उतरवला, काहींनी ३० टक्क्यांच्या आसपास. ज्या व्यापाऱ्यांनी आदल्या वर्षी चढ्या भावाने घेतले होते त्यांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

अशा वेळी रोख पैसे टाकून एकदम मोठा माल उचलणारे गिऱ्हाईक लागते, आणि वखार ते गिऱ्हाईक आहे. ती १४ टक्के चढवून विकते, जुने दुकान तिच्यापुढे महाग पडते, आणि लोक म्हणतात, दुर्मिळ वाईन स्वस्त झाली! ती स्वस्त झाली कारण मधल्या कोणाला तरी थांबता आले नाही. आपण डिसेंबरात कापूस काढतो त्याचेही कारण हेच. फरक एवढाच की तिथे अडचणीत सापडला तो व्यापारी होता.

दार उघडले म्हणून सगळ्यांचे भले होत नाही

इथे काही मंडळी घाईने म्हणतील, "बघा, मधल्याला काढा, मोठी दुकाने आणा, शेतकरी सुखी होईल." थोडे थांबा. कॉस्टकोने आपल्या वॉशिंग्टन राज्यात २००४ साली या कायद्याविरुद्ध दावा लावला. तिथे मोठ्या खरेदीवर सूट द्यायला बंदी होती आणि किमान १० टक्के चढवूनच विकायची सक्ती होती. वरच्या न्यायालयात २००८ साली कंपनी बहुतेक मुद्द्यांवर हरली. मग तिने २०११ साली जनमताचा मार्ग धरला, प्रचारावर दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि जिंकली. जून २०१२ पासून सरकारी दारू-दुकाने बंद होऊन विक्री खाजगी दुकानांत आली. पण घाऊक आणि किरकोळ विक्रीवर जी नवी फी बसली तिच्यामुळे कडक दारू गिऱ्हाइकाला आधीपेक्षा महाग पडली. लढाई कोणी लढली, खर्च कोणी केला आणि कायदा कोणाच्या मापाने शिवला गेला, हे पाहिल्याशिवाय "दार उघडले" म्हणून टाळ्या वाजवू नयेत. शेतकरी त्या लढाईत दोन्ही बाजूंना नव्हता.

आणि पिकवणाऱ्याच्या घरी काय चालले आहे? फळीवर दुर्मिळ बाटल्या मांडल्या जात असताना त्याच बोर्डोत सामान्य शेतकरी वेली उपटत आहे. २०२३ साली तिथे सुमारे ९,५०० हेक्टर द्राक्षमळे उपटण्याची योजना आली, हेक्टरी ६,००० युरोपर्यंत भरपाई देऊन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्स सरकारने नको झालेली वाईन विकत घेऊन तिचे औद्योगिक अल्कोहोल करण्यासाठी २० कोटी युरो जाहीर केले. कॅलिफोर्नियात २०२४ साली वाईनसाठी गाळलेली द्राक्षे वीस वर्षांत सर्वांत कमी भरली. हवामान हे एक कारण, पण गिऱ्हाईक नाही म्हणून कित्येक मळ्यांत घड वेलीवरच सोडून दिले हे दुसरे.

एकाच जिल्ह्यात एक बाटली सहाशे डॉलरला आणि शेजारच्या शेतकऱ्याची वाईन उत्पादन खर्चालाही महाग! हवा तीच, पाऊस तोच, कायद्याने दिलेले प्रदेशाचे नावही तेच. पण सहाशे डॉलरवाल्याजवळ स्वतःचे नाव, स्वतःचे तळघर आणि थांबण्याची ऐपत आहे. शेजाऱ्याजवळ पाटीवरचे प्रदेशाचे नाव तेवढे आहे, बाकी माल तो टाकीने घाऊक व्यापाऱ्याला देतो. नाव मिळाले पण थांबण्याची ताकद नसली तर नावही उपाशी ठेवते, हे बोर्डोने दाखवून दिले.

तरी तो शेतकरी गप्प बसला नाही, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डोच्या व्यापारी न्यायालयात मेदोकच्या एका शेतकऱ्याने दोन बड्या घाऊक व्यापाऱ्यांवरचा दावा जिंकला. आरोप असा की त्यांनी गैरवाजवी कमी भावाने त्याची वाईन घेतली. त्या पहिल्या पायरीच्या न्यायालयाने दोघांना मिळून साडेतीन लाख युरोच्या आसपास भरपाई द्यायला सांगितले. शेतमालाच्या खरेदीत उत्पादन खर्चाचा विचार व्हावा म्हणून फ्रान्सने २०१८ पासून जे कायदे केले त्यांच्या आधारावर हे झाले. आपल्याकडे खेडा खरेदीत भाव पाडला म्हणून कोणत्या न्यायालयात कोण उभे राहिले आहे?

इथे काय झाले

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. कारण दिले शेतकऱ्याच्या भल्याचे. लगेच राज्यात दोन फळ्या पडल्या. एक म्हणे संस्कृती बुडाली, दुसरी म्हणे शेतकऱ्याचे सोने झाले. विरोध उसळला आणि निर्णय कागदावरच अडकला. एवढ्या गदारोळात एकाही बाजूने साधा प्रश्न विचारला नाही: वाईनची द्राक्षे पिकवणाऱ्याच्या करारात भाव काय लिहिला आहे, आणि सुपरमार्केटात बाटली खपली तर त्या भावात किती पैशांची भर पडणार? नाशकातली बहुतांश द्राक्षे तर खाण्यासाठीच जातात. बाटली कोणत्या फळीवर ठेवायची यावर महिना महिना भांडण, आणि वावरात काय पोचते यावर चकार शब्द नाही.

कापसाचेही तसेच. फ्रान्सचे सरकार माल जास्त झाला तर वेल उपटायला पैसे देते, शँपेनवाले तोडणीला मर्यादा घालतात. आपल्या केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले. आधी मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती लगेच वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे पहिल्या वेचणीपासून ते विक्रीच्या भर हंगामापर्यंत दार सताड उघडे. थांबण्याची ताकद नसलेल्या माणसाच्या विक्रीच्या महिन्यांतच परका माल आत सोडायचा, आणि वर हमीभावाच्या जाहिराती छापायच्या!

आपण काय करायचे

फ्रान्सची नक्कल आपल्याला करता येणार नाही. कापूस पिंपात मुरत नाही, ज्वारी शंभर वर्षे टिकत नाही. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, नाव. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन कागदावर ठेवून भाव मिळत नाही. त्या नावाने खोटी ज्वारी विकणाऱ्याला पकडणारी शेतकऱ्यांची समिती लागते, १९११ च्या शँपेनवाल्यांसारखी जागती. कापसाला सरकारने "कस्तुरी" हे नाव दिले आहे, पण ते लागते रुईच्या गाठीला. वावर ते जिनिंग हा टप्पा आपल्या हातात आल्याशिवाय त्या नावाचा पैसा आपल्यापर्यंत येणार नाही.

दुसरी, वखार. कच्चा कापूस घरात ठेवला की वजन घटते, आगीची भीती, अंगाला खाज, आणि पोरांना झोपायला जागा नाही. पण साधारण पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते, १७० किलोची, आणि सरकी वेगळी निघते. गाठ ठेवायला जागा कमी लागते, बँकेला तारण म्हणून दाखवता येते, आणि सरकी विकून तोंडमिळवणी होते. दहा गावांनी मिळून जिनिंग भाड्याने घेतली तर कापूसवाला गाठीवाला होतो. ज्वारीसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांच्या मुदतीने. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे की फलकावरच आहे, हे जाऊन विचारा. तिकडची वखार गिऱ्हाइकाला स्वस्त देण्यासाठी आहे. आपल्याला वखार हवी ती आपल्याला थांबता यावे म्हणून.

तिसरी, एकत्र थांबणे. एकटा थांबला तर व्यापारी शेजाऱ्याचा माल घेतो आणि थांबलेल्याला हसतो. शँपेनचा कोटा चालतो कारण तो सगळ्यांना लागू आहे. आपल्याला सगळे पीक अडवता येणार नाही, पण तालुक्याच्या आवकेचा काही हिस्सा दोन महिने मागे धरता आला तरी काटा आपल्या बाजूला थोडा झुकतो.

म्हणून जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येकाने एक कागद आणावा. गेल्या हंगामात कापूस किंवा ज्वारी कोणत्या तारखेला विकली, काय भावाने विकली, आणि त्याच दिवशी का विकावी लागली: कोणाची उधारी होती, कोणता हप्ता होता, कोणाचे लग्न होते, की ठेवायला जागा नव्हती. एवढे चार रकाने पुरे. हजार कागद गोळा झाले की या जिल्ह्यात किती माल भावासाठी विकला गेला आणि किती गरजेपोटी, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसेल. सरकारपुढे ठेवायला आपल्याकडे भाषणे पुष्कळ आहेत, हा आकडा मात्र आजवर कोणी काढलेला नाही. जिनिंग भाड्याने घेण्याचा ठरावही त्याच कागदांवरून मांडायचा आहे, तेव्हा कागद विसरू नका.